बाळाचे लंगोट व त्यांवरील घरगुती आवरणे

घरात बाळ यावयाचे म्हटले म्हणजे बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी यांच्या शिवणाला आजीपासून आत्यापर्यंत सर्वांचे हात लागतात व त्यांवर कशिद्याचे मोर-पोपटही उतरतात. या सर्व थाटात लंगोटांची चौकशी मात्र सर्वांच्या शेवटी होते. नवलाची गोष्ट अशी की, बाळ घरी आल्यावर दिवसातून दहा-बारा वेळा जिची गरज भासते ती वस्तू हीच. कुंची बारशाच्या दिवशी मिरवून पेटीत जाते. लंगोट पुढे दोन-अडीच वर्षे सोबत करतो.

वापरून टाकून द्यावयाचे डायपर आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तरीही कोणी काटकसरीने, कोणी बाळाच्या अंगावर उठलेल्या पुरळामुळे, तर कोणी कचऱ्याच्या विचाराने पुन्हा सुती लंगोटाकडे वळतो. यांपैकी पुष्कळ घरांतील उत्साह पहिल्या पंधरवड्यातच मावळतो. अंथरूण भिजते, पावसात लंगोट वाळत नाहीत, धुण्याचा ढीग वाढतो आणि ‘जुने ते जुनेच’ असे म्हणून तो प्रयोग आटोपता घेतला जातो. यात दोष कापडाचा नसतो. ओल टिपणे हे एक काम आहे व ओल अडविणे हे अगदी निराळे काम आहे, ही गोष्ट आरंभी कोणी सांगितलेली नसते. आणि या दोहोंपेक्षा मोठे असे जे धुण्याचे काम, ते कोणी करावयाचे हे तर ठरलेलेच नसते.

ओल टिपण्यास उत्तम कापड कोणते, याचे उत्तर बहुतेक घरांच्या कपाटातच सापडते. वापरून वापरून मऊसूत झालेले सुती धोतर, पंचा किंवा लुगडे, म्हणजे ज्याला जुनेर म्हणतात ते, बाळाच्या कातडीला सर्वांत अधिक मानवते. बाळाला प्रथम जुन्याचेच कपडे घालावेत या रीतीमागे नुसती समजूत नाही. कोऱ्या कापडात खळ असते. शिवाय कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणासारखा एक सूक्ष्म लेप असतो. मांजरपाटासारख्या न उजळलेल्या कापडातून तो सहजी जात नाही, व तो जाईपर्यंत पाणी आत न शिरता वरून ओघळते. म्हणून नवे कापड आणल्यास ते चार-सहा वेळा गरम पाण्यात साबणाने धुवावे व नंतर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब तत्काळ जिरला तर कापड तयार झाले. मोत्यासारखा उभा राहिला तर धुणे अजून पुरे झाले नाही. येथे आणखी एक सावधगिरी हवी. आजीचे लुगडे म्हणून आज जे मोठ्या मायेने बाहेर काढले जाते, ते पुष्कळदा टेरिकॉटचे किंवा नायलॉनचे निघते. माया खरी असली तरी ते कापड ओल टिपत नाही.

जुनी कापडे पेटीतून निघतात आणि पेटीत बहुधा डांबराच्या गोळ्या असतात. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु ती तशी नाही. या गोळ्यांतील नॅफ्थॅलीन कापडात मुरते, त्याची वाफ श्वासावाटे व त्याचा अंश कातडीवाटे बाळाच्या शरीरात जातो. ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचे एक द्रव्य काही बालकांच्या रक्तात जन्मतःच कमी असते. अशा बालकांच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलीनमुळे फुटू लागतात, कावीळ चढते आणि ती मेंदूपर्यंत पोहोचून कायमची इजा झाल्याची किंवा बालक दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. आपल्या घरातले बाळ अशांपैकी आहे की नाही हे बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून गोळ्यांचा वास येणारे एकही वस्त्र, मग ते लंगोटाचे असो, गोधडीचे असो वा पणजीच्या शालीचे असो, बाळाजवळ आणू नये. नुसता उन्हाचा हात लावून असे कपडे वापरणे हा धोका पत्करण्यासारखा नव्हे.

लंगोटांची संख्या किती असावी, याचा हिशेब धुण्यावर अवलंबून आहे. रोज धुणे होत असेल तर चोवीस ते तीस लंगोट पुरतात. पावसाळ्यात दहा-बारा अधिक हवेत. परंतु सर्व एकदम शिवून ठेवू नयेत. नवजात बाळाला साधारण अर्ध्या मीटरचा चौरस पुरतो व तीन-चार महिन्यांनी पाऊण मीटरच्या जवळपासचा लागतो. आपल्याकडचा बंद लावलेला तिकोनी लंगोट चटकन बांधता येतो खरा, परंतु त्याचा जाडपणा सर्वत्र सारखा असल्याने तो लवकर भिजून जातो. साध्या चौरसाला घडी हवी तशी घालता येते. तिकोनी दुमडून मध्ये पंचाच्या तुकड्याची तीन-चार पदरी पट्टी ठेवली की झाले. मुलगा असल्यास पट्टीची अधिक जाडी पुढे आणावी. शिवाय चौरस उलगडला की एकपदरी होतो व म्हणून लवकर वाळतो. पाच-सहा पदर एकत्र शिवलेला जाड लंगोट दुकानात देखणा दिसतो आणि आषाढात तीन दिवस ओला राहतो. नाळ गळून पडेपर्यंत लंगोटाची वरची कड बेंबीच्या खाली दुमडावी, म्हणजे ती जागा कोरडी राहते.

आता आवरणाकडे वळावयाचे. आपल्या जुन्या घरांत आवरण असे नव्हतेच. लंगोट भिजला की लगेच दिसे, बाळ ज्याच्या मांडीवर असे त्याला तर तत्क्षणी कळे, आणि तो बदलला जाई. अंथरुणाच्या रक्षणासाठी खाली मेणकापड घातलेले असे. ही पद्धत आजही दिवसा, घरी, उन्हाळ्याच्या दिवसांत सर्वांत चांगली आहे. आवरणाची गरज रात्री, प्रवासात व पाहुण्यांकडे भासते. ते ओल बाहेर येऊ देत नाही हा त्याचा गुण. आणि आत ओल साचली आहे हे ते कळू देत नाही, हाच त्याचा मोठा दोष.

या दोषाचा परिणाम बाळाच्या कातडीवर होतो. लघवीतील अमोनियाने कातडी भाजते असे पूर्वी मानीत. आता त्यामागची क्रिया अधिक स्पष्ट झाली आहे. ओलीने कातडीचा वरचा थर फुगून मऊ पडतो व घर्षणाने सोलवटतो. लघवीतील युरियापासून अमोनिया तयार झाला म्हणजे कातडीचा नैसर्गिक आम्लपणा नाहीसा होतो, आणि त्या स्थितीत शौचातील पाचकद्रव्ये कातडीवरच काम करू लागतात. म्हणजे नुसत्या लघवीपेक्षा लघवी व शौच यांचा संयोग अधिक वाईट. यावर उपाय एकच. शौच झाल्यावर लगेच व एरवी दर दोन-तीन तासांनी लंगोट बदलणे, आणि दिवसातून काही वेळ बाळाला मोकळे सोडणे. टाल्कम पावडर वापरू नये; ती बाळाच्या श्वासात जाते. जस्ताचे मलम लावल्यास लंगोटात एक पातळ निराळी चिंधी घालावी, कारण मलमाचा चिकटपणा कापडात बसला की ते पाणी टिपीनासे होते. जांघेच्या वळ्यांत लालभडक चट्टे व त्यांभोवती बारीक ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी असते. तेथे घरगुती उपाय चालत नाहीत. साधे पुरळही दोन-तीन दिवसांत ओसरले नाही, फोड आले वा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे.

आवरणाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे व त्यात एका गृहिणीचे नाव येते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत बालकांना लंगोटावर रबरी चड्ड्या घालीत. त्या मांडीला काचत, वारा येऊ देत नसत आणि पुरळ उठवीत. कनेक्टिकट संस्थानातील वेस्टपोर्ट गावी राहणाऱ्या मॅरियन डोनोव्हन या बाईंनी १९४६ साली न्हाणीघराचा जलाभेद्य पडदा कापून आपल्या शिवणयंत्रावर एक आवरण शिवले. पुढे पडद्याऐवजी पॅराशूटच्या नायलॉनचे कापड आले. टोचणाऱ्या पिनांच्या जागी टिचबटणे आली. १९४९ साली न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात ते विक्रीस लागले, १९५१ साली त्याचे पेटंट मिळाले, व त्याचे हक्क त्यांनी दहा लाख डॉलरांना विकले. बाईंची पुढली कल्पना कागदी लंगोटाची होती. परंतु ती कारखानदारांच्या गळी उतरली नाही. टाकाऊ डायपरांपैकी ‘पॅम्पर्स’ हा १९६१ साली बाजारात आला. तेव्हा घरच्या यंत्रावर आवरण शिवणे हा काही हौसेचा पोरखेळ नव्हे. त्या मोठ्या धंद्याचा एक पाय घरगुती शिवणातच आहे.

घरी करावयाच्या आवरणांत सर्वांत सोपे व सर्वांत गुणी आवरण लोकरीचे. मुंबई-पुण्याच्या हवेत बाळाला लोकर, हे ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. परंतु ज्याने भर पावसात घोंगड्याची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा असलेला धनगर पाहिला आहे, त्याला हे कोडे पडू नये. मेंढीच्या अंगचे मेण लोकरीत असते. त्यामुळे पाणी वरून निथळते. त्याच वेळी लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल वाफेच्या रूपाने पोटात घेतो व तरी हाताला ओला लागत नाही. रबर ओल कोंडते. लोकर ती हळूहळू बाहेर सोडते. घोंगडे अर्थातच बाळाला बोचेल. त्यासाठी घरातला जुना, मऊ, शुद्ध लोकरीचा स्वेटर हवा. तो शुद्ध आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याचा एक धागा चिमट्यात धरून जाळावा. केस जळल्यासारखा वास येऊन बोटांनी चुरडणारी राख झाली तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर ते ॲक्रिलिक समजावे आणि स्वेटर परत कपाटात ठेवावा.

स्वेटर धुताना गृहिणी एरवी जी काळजी घेतात ती येथे मुद्दाम सोडावयाची असते. गरम पाणी व साबण घेऊन तो खूप घोळावा, चोळावा, मग थंड पाण्यात टाकावा व पुन्हा गरम पाण्यात घालावा. असे केल्याने तो आटतो, दाट होतो आणि कापला तरी त्याचे धागे सुटत नाहीत. म्हणून कडा दुमडण्याचीही जरुरी उरत नाही. माप बाळावरून, लंगोट बांधलेला असतानाच घ्यावे. पुढे बेंबीपासून दोन्ही पायांमधून मागे कमरेपर्यंत दोरी धरावी व तीत चार बोटे मिळवावीत. कापडाचा आकार डमरूसारखा. मध्ये साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटर रुंद, म्हणजे लंगोटाची कड कोठूनही बाहेर डोकावणार नाही. कड बाहेर राहिली की सर्व परिश्रम फुकट, कारण ओल त्या कडेवाटे झबल्यात उतरते. स्वेटरच्या खालची विणीची पट्टी कमरेला येईल अशा बेताने कापावे, आणि मनगटांच्या पट्ट्या कापून पायांना जोडाव्यात. शिवण लोकरीच्याच धाग्याने, सैल टाक्यांनी घालावी. बाह्या उरतातच, त्यांना पुढे जोड देऊन थंडीच्या दिवसांत पायघोळ विजार करता येते.

आटवताना लोकरीतील मेण निघून जाते. ते परत द्यावे लागते. हे मेण लॅनोलिन या नावाने औषधांच्या दुकानात मिळते. एका आवरणास अर्धा चहाचा चमचा लॅनोलिन पेलाभर गरम पाण्यात घालून त्यात बाळाच्या साबणाचे थोडे पाणी मिळवावे व दुधासारखे होईपर्यंत ढवळावे. ते कोमट पाण्याच्या पातेल्यात ओतून आवरण काही तास बुडवून ठेवावे, न पिळता टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवे पसरून वाळवावे. असे आवरण रोज धुवावे लागत नाही. वापरल्यावर वाऱ्यावर टाकले की पुरते. शौच लागल्यास मात्र तेवढा भाग कोमट पाण्याने लगेच धुवावा. दोन-तीन आठवड्यांनी एकदा सौम्य साबणाने धुऊन पुन्हा लॅनोलिन द्यावे. अशी तीन आवरणे आळीपाळीने वापरल्यास भागते.

दुसऱ्या प्रकारचे आवरण पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेल्या कापडाचे. ते हलके असते, लवकर वाळते, व यंत्रात धुता येते. ते शिवताना एवढेच ध्यानात ठेवावे की, सुईचे प्रत्येक छिद्र हे पाण्याला एक दार आहे. म्हणून पायांमधील भागात शिवण येऊ देऊ नये, टाचण्या लावू नयेत, आणि सुती दोरा वापरू नये, कारण तो वातीसारखा ओल बाहेर ओढतो. चकचकीत बाजू आत, लंगोटाकडे असावी. पायांभोवतीच्या इलॅस्टिकखाली बोट सहज जावे. काढल्यावर मांडीवर लाल वळ दिसला तर इलॅस्टिक उसवून सैल करावे, बाळ मोठे होण्याची वाट पाहू नये. जुने रेक्झिन, साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा टेबलावरचे मेणकापड यांची आवरणे करण्याचा मोह टाळलेला बरा.

यापुढचा विषय धुण्याचा, आणि खरी परीक्षा येथेच होते. लंगोट काढताच त्यातील घाण शौचकूपात टाकून तो थंड पाण्याने खळबळावा. आधीच गरम पाणी घातले तर डाग पक्का बसतो. मग झाकणाच्या बादलीत कोरडाच ठेवावा. दिवसभर पाण्यात भिजत ठेवलेले लंगोट उलट अधिक उग्र होतात. धुताना गरम पाणी व बेताचा साबण हवा. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्यात वडीच्या साबणाची साय धरते व ती कापडात बसते. अशा ठिकाणी धुण्याची पावडर बरी, किंवा पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकावा. कपडे मऊ व सुगंधी करणारी द्रव्ये येथे निषिद्ध. त्यांच्या लेपामुळे कापड टिपण्याचा गुण गमावते. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळणे हे साबणाहूनही महत्त्वाचे. जंतुनाशकांचा अतिरेक किती भोवतो याचे एक उदाहरण १९६७ सालचे आहे. अमेरिकेतील सेंट लुई येथे एका नवजात-कक्षातील लंगोट-चादरी धुताना पेंटाक्लोरोफेनॉल वर्गातील एक जंतुनाशक द्रव्य वापरले जात होते. ते कापडात राहिले, अनेक बालके आजारी पडली व दोन दगावली. गरम पाणी, साबण, भरपूर खळबळणे आणि ऊन, यांपलीकडे निरोगी बाळाच्या लंगोटाला काही लागत नाही. ऊन डागही पुसून टाकते.

मात्र ऊन नेहमी असते कोठे? आषाढ-श्रावणात घरभर वलण्यांवर लंगोटांची तोरणे लागतात आणि तरी कुबट वास जात नाही. कोकणात शेगडीवर टोपली पालथी घालून तीवर बाळोती सुकविण्याची रीत होती. ती युक्ती हवेशीर पडवीत ठीक होती. बंद खोलीत, त्यातून बाळंतिणीच्या खोलीत, निखाऱ्याची शेगडी कधीही ठेवू नये. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. लंगोट घट्ट पिळून पंख्याखाली एकपदरी पसरावेत व शेवटची ओल इस्त्रीने काढावी. दमट लंगोट घडी करून ठेवला की त्यावर काळे ठिपके पडतात. असा लंगोट पायपुसण्यात जमा करावा.

हे सर्व वाचताना एक प्रश्न मनात येणे साहजिक आहे. हे करावयाचे कोणी? बहुतेक घरांत याचे उत्तर गृहीत धरलेले असते. बाळंतपणातून नुकती उठलेली, रात्रीच्या जागरणाने थकलेली आईच ते करते, नाहीतर धुण्याची बाई करते. लंगोटाचा पुरस्कार करणारे पुरुष पुष्कळ भेटतात. तो खळबळणारे थोडे. घरात लंगोट चालावयाचे असतील तर रात्रीची बादली व सकाळचे पहिले पाणी बाळाच्या वडिलांकडे असावे, हे आधीच ठरवून घ्यावे. बाईकडे लंगोट द्यावयाचे झाल्यास ते घाण काढून, एकदा खळबळूनच द्यावेत. त्या कामाचा वेगळा मोबदलाही ठरवावा.

टाकाऊ डायपर वापरल्याने दुसऱ्याच्या हाताचा हा प्रश्न सुटत नाही. तो फक्त दाराबाहेर जातो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील स्त्रियांना असे डायपर हातांनी वेगळे करावे लागत. त्यामुळे २०१० नंतरच्या दशकात तेथे एक मोहीम निघाली. डायपर कागदात गुंडाळावा व त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे उघडण्यापूर्वीच आत काय आहे ते कळेल, एवढीच त्या स्त्रियांची मागणी होती. २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा गुंडाळून वेगळा देण्याचे बंधन घातले गेले. तेव्हा जे डायपर वापरतात त्यांनीही एवढे करणे कठीण नाही.

लंगोट वापरल्याने आपोआप सृष्टीचे रक्षण होते, अशाही समजुतीत राहू नये. ब्रिटनमध्ये सरकारी यंत्रणेने २००५ साली व पुन्हा २००८ साली याचा हिशेब मांडला. सुती लंगोट अतिगरम पाण्यात, अर्धे भरलेले यंत्र चालवून धुतले व विजेच्या शोषकयंत्रात वाळविले, तर त्यांचा फायदा नाहीसा होतो, असे त्यात दिसून आले. यंत्र पुरते भरून धुतले, दोरीवर वाळविले व तेच दुसऱ्या बाळाला वापरले, तर लंगोटाची बाजू सरस ठरते. आपल्याकडे दोरी व ऊन ही दोन्ही असल्याने हा हिशेब बराच अनुकूल आहे. तरीही रात्री, आगगाडीच्या प्रवासात किंवा बाळ आजारी असताना एखादा डायपर वापरला तर व्रतभंग झाला असे मानण्याचे कारण नाही. आरंभ सहा लंगोट व एक आवरण एवढ्यावरच करावा; प्रथम फक्त दिवसा वापरावेत, आणि घराचा हात बसला की संख्या वाढवावी.

बाळ चालू लागले व स्वतः सांगू लागले म्हणजे लंगोट धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून, सुती पिशवीत बांधून ठेवावेत. लोकरीच्या आवरणांना कसर लागते. त्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी ती उन्हात झटकावीत. डांबराची गोळी या पिशवीत टाकू नये. पिशवीवर तसे लिहूनही ठेवावे, कारण दुसऱ्या खेपेस ती कोण उघडील व कोणाच्या बाळासाठी उघडील, याचा नेम नसतो.